पाचपोर सर आणि पूर्णेच्या वळणावरचा जबडा

पाचपोर सरांनी पहिल्या भेटीतच मला तोंड उघडायला लावलं. मी नोकरीवर रुजू व्हायला आलेला, अंगात नवा सदरा, हातात नेमणुकीचा कागद. हेडमास्तरांनी "हे आपले चित्रकलेचे नवे मास्तर, इंगळे" अशी ओळख करून दिली. तसा एक उंच, किडकिडीत माणूस खुर्चीवरून उठला, जवळ आला आणि म्हणाला, "आ करा." मला वाटलं, या शाळेची काही रीत असेल. मी आ केला. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं, आत नीट पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "चारी अक्कलदाढा हायेत तुमाले. आजकाल लोकाइले येत नाई," असं म्हणून ते जागेवर जाऊन बसले. हेडमास्तर हसले नाहीत, तेव्हा हे रोजचंच असणार हे मी ओळखलं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरायचं आणि तिथून आठ-दहा मैल बैलगाडीनं नाहीतर सायकलनं, तेव्हा पूर्णेकाठचं ते गाव यायचं. हायस्कूल नुकतंच निघालेलं. मी देऊळघाटचा. आमच्या घरानं धम्म घेतलेला होता आणि गावात माझं पाऊल पडायच्या आधी ती बातमी पोचलेली होती. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात माठ होता. त्याला हात लावायला मला कुणी मनाई केली नव्हती, पण मी घरून माझा गडवा आणि पेला घेऊन आलो होतो. अनुभवानं माणूस शहाणा होतो, त्यातलाच तो प्रकार. दुपारी पाचपोर सर बोलता बोलता माझ्या शेजारी येऊन टेकले, माझा पेला उचलला आणि माझ्या गडव्यातलं पाणी ओतून गटागटा प्यायले. बोलणं चालूच होतं. बाकीच्या तीन मास्तरांनी माना खाली घातल्या. सरांनी हे मुद्दाम केलं की त्यांच्या लक्षातच आलं नाही, हे मला पुढं कित्येक दिवस कळलं नव्हतं. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. माणूस चांगला होता, पण त्याचं लक्ष कुठं असेल याचा नेम नव्हता.

त्यांचं लक्ष असायचं दोन ठिकाणी. एक मारुतीच्या देवळामागच्या चिंचांवर, दुसरं नदीच्या दरडींवर.

चिंचांवर वानरांचा कळप होता, वीस-बावीस काळतोंड्यांचा. शाळा भरायच्या आधी तासभर आणि सुटल्यावर अंधार पडेपर्यंत सर तिथं एका दगडावर बसलेले असायचे. मांडीवर लांबट रजिस्टर, कानावर पेन्सिल. प्रत्येक वानराला त्यांनी नाव दिलेलं होतं. म्होरक्या होता मामलेदार, एक खाष्ट म्हातारी होती तिचं नाव मावशी, आणि एक कान फाटलेलं पोरगं होतं त्याचं नाव त्यांनी आमच्या हेडमास्तरांवरून ठेवलं होतं. ते मात्र कुणाला सांगू नका असं मला बजावलं होतं. कोण कुणाच्या उवा काढतं, कोण कुणाला जवळ येऊ देत नाही, कोण कुणाचं पोर सांभाळतं, सगळं मिनिटांसकट लिहिलेलं. देवळात येणारे लोक वानरांना फुटाणे, केळी टाकायचे. सरांनी एक दाणा कधी टाकला नाही. म्हणायचे, खायला दिलं की ते आपल्याकडं पाहायला लागतात. आपल्याला तर ते एकमेकांकडं कसं पाहतात हे पाहायचं आहे.

एकदा एका वानरीचं पिल्लू मेलं. ती ते मेलेलं पिल्लू छातीशी धरून हिंडत राहिली. सर रोज मोजत होते. चौथ्या दिवशी वास यायला लागला तरी ती सोडेना. कावळे जवळ आले की दात विचकायची. सरांनी त्या दिवसांत मलाही बसवून घेतलं, चित्रं काढायला. नवव्या दिवशी तिनं ते एका फांदीच्या बेचक्यात ठेवलं, थोडी दूर गेली, परत आली, परत गेली. "लिहा," सर मला म्हणाले, "चार डाव मांगं पायलं." मी विचारलं, हिला दुःख होत असेल का हो? त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. मग म्हणाले की त्याला दुःख म्हणायचं की नाही हे ठरवणं आपल्या हातात नाही, आपण दिवस मोजायचे.

त्यांची पोरगी गेली होती, हे मला नंतर वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सांगितलं. चार महिन्यांची होऊन गेली. त्यावर मूल झालं नाही. घरात दोघंच, आणि एका भिंतीला लाकडी फळ्या, त्यांवर दगड झालेली हाडं.

ही हाडं म्हणजे सरांच्या वीस वर्षांच्या रविवारांची कमाई. नागपूरला ते पुढचं शिकत होते, तिथल्या एका प्राध्यापकांबरोबर पूर्णेच्या काठानं हिंडले होते. पूर्णेच्या दरडींत जुन्या काळच्या जनावरांची हाडं सापडतात, हे त्यांनी तेव्हा पाहिलं. तेवढ्यात वडील गेले, वावर पाहायला कुणी नव्हतं, शिक्षण तिथंच राहिलं. गावी येऊन त्यांनी शेती बटाईनं लावली आणि मास्तरकी धरली. पण नदी सुटली नाही. दर पावसाळ्यात पूर दरडी कापायचा आणि दर हिवाळ्यात सर त्या दरडी खालून वर बोटांनी चाचपत जायचे. हत्तीच्या दाढेचा तुकडा, रानबैलाच्या शिंगाचा गाभा, कसलीशी बरगडी. पाहुण्यांना ते उत्साहानं दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "हत्ती होता, तं हत्तीकडं पाह्यनारा कोनीतरी असनच." त्या पाहणाऱ्याच्या शोधात त्यांचं आयुष्य चाललं होतं. माणूस माणूस कसा झाला, याचा एक तुकडा आपल्या नदीत आहे आणि तो आपल्याला सापडणार आहे, असं त्यांना खरोखर वाटत होतं. ते सोडलं तर त्यांना या जगाकडून काहीही नको होतं.

वर्गात ते सायन्स गमतीनं शिकवायचे. पाठीत वाकून बसलेल्या पोराला म्हणायचे, "सरळ बस बे. तुह्या पूर्वजाले पाठ ताठ कराले लाखो वर्षं लागले, तू एका तासात वाया घालवून राह्यला." एकदा एका पोराचा बाप तावातावानं शाळेत आला. आपण वानराची लेकरं आहोत असं पोराला शिकवलं म्हणे. सर शांतपणे म्हणाले की असं मी शिकवलेलं नाही; वानर आणि आपण चुलत भाऊ आहोत, वाटण्या होऊन फार दिवस झाले, एवढंच सांगितलं. बापानं जरा विचार केला आणि विचारलं की मग वाटणीत त्यांना काय आलं? झाडं आली, सर म्हणाले. आणि आपल्याला? "वावरं आले. अन् त्याइच्या संगं कोर्टकचेरी." त्या माणसाचा सख्ख्या चुलत्याशी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, खटला चालू होता. तो पटलेल्या चेहऱ्यानं घरी गेला.

माझ्या दुसऱ्या वर्षी पूर मोठा आला होता. पौषातल्या एका सोमवारी सर शाळेत आले ते कुणाशी बोलेनात. दिवसभर असेच. शाळा सुटल्यावर मला प्रयोगशाळेत नेलं, दार लावलं आणि पंच्याची एक घडी उलगडली. आत खालचा जबडा होता. लहान, माझ्या तळहाताहून लहान. वर चुनखडीचा जाड थर चढलेला, रंग मातकट पिवळा. सरांनी एका बाजूचा थर सुईनं काढला होता. आत दात होते, माणसाचे. आणि समोरच्या दोन दातांच्या बरोबर मध्ये एक बारीकसा, टोकदार, जास्तीचा दात होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"आपल्यात नसतो असा," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. गावाच्या वरच्या अंगाला नदी वळते तिथल्या दरडीत, पुरुषभर खोलीवर सापडला. हा आपल्यासारखा माणूस नाही, आपल्या आधीचा कुणीतरी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी तीन दिवस भिंगातून पाहून त्याची चित्रं काढली. पुढून, बाजूनं, वरून. पेन्सिलनं एकेक दात रेखताना माझ्या मनात एक गोष्ट आली आणि ती गेली नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तिथं कुणी पुरत वगैरे होतं का, हे विचारून पाहिलंत का? सरांनी लगेच वही काढली. ते असल्या बाबतीत पक्के होते. वहीत सात माणसांची नावं होती, पाटलांपासून जोशीबुवांपर्यंत, सगळी पिकलेली माणसं. साती जणांनी सांगितलं होतं की पोरांना पुरायची जागा खालच्या अंगाला उताराजवळ आहे, वळणावर कुणी पुरत नाही.

"अन् दुसरं पहा," सर म्हणाले, "लेकराले दात आले का आपन जाळतो. पुरतो ते बिनदाताचं. माही पोरगी मीच पुरली, मले माईत हाये. याले दात हायेत. मंग हे पुरलेलं नाई, नदीनं आनलेलं हाये."

मी वहीतली नावं पुन्हा वाचली. साती नावं वरच्या आळीतली होती. आमच्या लोकांत दात आलेलं लेकरू असो की म्हातारा, सगळ्यांना पुरत. जाळायला लागलो ते धम्म घेतल्यावर, आत्ता आत्ता. त्या गावच्या बौद्धवाड्यातले लोक पूर्वी कुठं पुरत होते हे मला माहीत नव्हतं, पण विचारायला किती वेळ लागला असता? सरांना फक्त म्हणायचं होतं की आठवं नाव घाला. मी पेन्सिलला टोक काढत बसलो. माझी नोकरी कच्ची होती. आणि आमच्यात काय चालतं हे मास्तरांच्या खोलीत आपल्या तोंडानं सांगायची मला लाज वाटली. हे दुसरं कारण जास्त खरं.

अजून एक गोष्ट मी पाहत होतो. जुन्या हाडाची एक परीक्षा सरांनीच मला शिकवली होती. हाडाचा कण स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा. अलीकडचं हाड असेल तर केस जळल्याचा वास येतो. दगड झालेलं असेल तर काही येत नाही. फळीवरच्या प्रत्येक हाडाची त्यांनी ही परीक्षा केली होती. या जबड्याची केली नाही. म्हणायचे, एवढासा तर आहे, तुकडा काढला तर राहील काय? मी मान डोलवायचो.

त्यांनी नागपूरला पत्र लिहिलं, सोबत माझी चित्रं जोडली. चार पत्रं गेली तेव्हा एक उत्तर आलं. मग आणखी पत्रं झाली. उन्हाळा गेला, शाळा सुरू झाली, आणि भाद्रपदात कळलं की एक प्राध्यापक स्वतः येणार आहेत, अमुक शनिवारी. गावात बातमी पसरली. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब, ज्यांना तोवर वानर आणि सर यांत फारसा फरक वाटत नव्हता, त्यांनी जीपची व्यवस्था केली, हार सांगितले, अकोल्याच्या एका पेपरात दोन ओळी छापून आणल्या. सरांनी नवा कोट शिवला. वहिनी मला म्हणाल्या की इतक्या वर्षांत यांना झोपेत हसताना पहिल्यांदा पाहिलं.

दादासाहेबांच्या हुकमावरून मी जबड्याचं मोठं चित्र काढलं, दोन हात रुंद, आणि ते शाळेच्या व्हरांड्यात लावलं. शनिवार दोन दिवसांवर आला होता. अंगण सारवायला बौद्धवाड्यातल्या बाया बोलावल्या होत्या. त्यांत गयाबाई नावाची एक म्हातारी होती. रोज सरपणाचा भारा घेऊन शाळेवरून जायची, म्हणून तोंडओळख होती. सारवता सारवता ती व्हरांड्याजवळ आली, चित्राकडं पाहिलं आणि शेणाचे हात तसेच ठेवून उभी राहिली. हे काय आहे, तिनं मला विचारलं. मी सांगितलं. कुठं सापडलं? वळणावर, मी म्हटलं. ती खाली बसली.

मग ती सांगू लागली. तिचा दौलत नावाचा पोरगा होता. सहावं सरून सातवं लागलं होतं. पटकी आली त्या साली गेला. त्या दिवसांत रोज इतकी माणसं जात होती की नेहमीच्या जागेवर खड्डा काढायला ठिकाण उरलं नाही, म्हणून वळणावर नेलं. तेव्हा नदी तिथून लांब होती. "त्याच्या समोरच्या दातात असाच दात होता, मास्तर. पोट्टे त्याले उंदऱ्या म्हनत. रडत घरी ये."

मी तिला सरांकडं घेऊन गेलो. तेवढं तरी मी केलं.

सर प्रयोगशाळेत टेबल पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही. खोल किती खणलं होतं, उजव्या कडेला की डाव्या, साल कोणतं, असे चार-पाच प्रश्न विचारले आणि तिनं दिलेली उत्तरं वहीत लिहिली. अक्षर नेहमीसारखंच होतं. मग त्यांनी पंच्याची घडी काढून तिच्यासमोर ठेवली.

गयाबाईनं हात पदराला पुसले. जबडा उचलला नाही, नुसता अंगठा त्या दातावरून फिरवला.

"मले तं तो मोठा आठवे," ती म्हणाली.

सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. ते वळले आणि तिच्याशी जसं आम्हा कुणाशीही बोलत तसंच सरळ बोलले. बाई, तुमचं चुकत असेल असं मी म्हणत नाही, पण माझंही चुकत नसेल. चुनखडी शंभर वर्षांत चढते की हजारात, हे मला सांगता येत नाही. खरं कळायचा एकच उपाय आहे. नखाएवढा कण काढून दिव्यावर धरायचा. वास आला तर तो तुमचा, घेऊन जा. नाही आला तर तो कुणाचाच नाही.

गयाबाईला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिनं पंच्याची घडी हळूच मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"आमी त्याले पुरलं, मास्तर. जाळाचं नाई."

दिवा टेबलावरच होता, काडेपेटी शेजारी. ती बाई उठून गेल्यावर सरांना तो पेटवता आला असता, तिला कधी कळलंही नसतं. प्राध्यापकांनी तर शनिवारी पहिलं तेच केलं असतं. सर स्टुलावर बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले की उद्या सकाळी न्या, तोवर इथं सुखरूप राहील, माझ्यावर भरवसा ठेवा. ती हो म्हणाली.

संध्याकाळी दादासाहेबांपर्यंत बातमी गेली. ते जीप घेऊन आले. एका बाईच्या बोलण्यावर संस्थेची अब्रू घालवता का, असं त्यांचं म्हणणं. मग जरा नरमाईनं म्हणाले की निदान प्राध्यापकांना पाहू द्या, मग द्या तिला, दोन दिवसांनी काय बिघडतं? मला स्वतःला ते बोलणं वाजवी वाटलं. सर म्हणाले, प्राध्यापक आधी तुकडा काढतील, मीसुद्धा तेच केलं असतं. दादासाहेब म्हणाले की त्या बाईला काय समजतं त्यातलं?

"मले तिच्यापेक्षा जास्त माईत असतं तं मीबी आयकलं नसतं," सर म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं वळणावर गेलो. गयाबाई, तिचा जावई, सर आणि मी. नदीपासून आत, उंचावर, जावयानं खड्डा केला. सरांनी जबडा पंच्यासकट तिच्या हातात दिला. पंचा परत करायला ती उलगडू लागली, तेव्हा त्यांनी हातानंच नको म्हटलं. आम्ही वंदना म्हटली, जेवढी मला येत होती तेवढी. माती लोटताना सरांनी गयाबाईला विचारलं, मी टाकू का? तिनं मानेनंच हो म्हटलं. त्यांनी तीन मुठी माती टाकली आणि धोतराला हात पुसत बाजूला झाले. परत येताना त्यांनी वाटेत दरडीकडं एकदाही पाहिलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

शनिवारी प्राध्यापक आले. भले गृहस्थ होते. रिकामं टेबल पाहून रागावले नाहीत. सरांनी त्यांना झालं ते सगळं सांगितलं, माझी चित्रं दाखवली. त्यांनी चित्रं पुष्कळ वेळ न्याहाळली आणि म्हणाले की नुसत्या चित्रावरून काहीच सांगता येत नाही; बहुतेक अलीकडचंच असावं, पण नसेलही. एक कण मिळाला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. सर "हो" म्हणाले. चहा पिऊन प्राध्यापक चारच्या गाडीसाठी नांदुऱ्याला निघून गेले. हार तसेच परातीत राहिले.

मग जे व्हायचं ते झालं. गावात हसू झालं. पोरं फळ्यावर जबडा काढून ठेवायची. सर तो पुसायचे आणि शिकवायला लागायचे. दादासाहेबांनी पुढच्या जूनमध्ये सायन्सला नवा मास्तर आणला आणि सरांना पाचवी-सहावीचा भूगोल दिला. सरांनी तो वर्षभर शिकवला. चिंचांखाली जाणं कमी होत होत बंद पडलं. रजिस्टरात शेवटची नोंद मी पाहिली आहे. मामलेदाराच्या पायाला जखम झाल्याची आहे, बरी झाली की नाही ते लिहिलेलं नाही. वर्ष संपलं तसं त्यांनी घर आवरलं आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्याकडच्या एका लहान शाळेत निघून गेले. फळीवरची हाडं शाळेला दिली. ती कपाटात ठेवली गेली, आणि कपाटाची किल्ली पुढं हरवली.

त्यानंतर मला ते एकदाच दिसले, चार-पाच वर्षांनी. मी परीक्षेसाठी अकोल्याला निघालो होतो. नांदुऱ्याच्या फलाटावर बाकावर एक माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. आधी ओळखलंच नाही. अंगातलं सगळं मांस गेलं होतं, हनुवटी पुढं आली होती. ते भुसावळकडच्या पॅसेंजरची वाट पाहत होते, वहिनींना तिकडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी शेजारी बसलो. शाळेचं, गावाचं बोलणं झालं. गयाबाई गेल्या पावसाळ्यात वारली हे मी सांगितलं. तिला जाळलं की पुरलं, त्यांनी विचारलं. जाळलं, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. जबडा खरंच दौलतचा होता का, असं कधी वाटतं का तुम्हाला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनीच आधी विचारलं.

"इंगळे, तुमी तवा माही वही पायली होती. त्याच्यातले नावं वाचले होते. तुमाले तवाच समजलं होतं ना?"

हो, मी म्हणालो.

"मंग आठ महिने बोलले काऊन नाई?"

रागाचा लवलेशही नव्हता. वानरांबद्दल एखादी राहून गेलेली नोंद विचारावी तसं ते विचारत होते. मी नोकरी कच्ची होती हे सांगू शकलो असतो. ते आनंदात होते, तो आनंद मोडवला नाही, असंही सांगू शकलो असतो. पण इतक्या वर्षांचं साचलेलं दुसरंच बाहेर आलं.

"तुमी सात जनाले इचारलं, सर. आमच्या वाड्यात कोनालेच इचारलं नाई. मले वाटलं, मीच आपल्या तोंडानं काऊन सांगाव."

ते रुळांकडं पाहत राहिले. "बराबर हाये," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पन मी तं रोज तुमच्या बाजूलेच बसत होतो."

पॅसेंजर आली. गर्दी होती. मी पिशवी धरू का म्हटलं, तर नको म्हणाले. दांडीला धरून एकेक पायरी चढले आणि आत गेले. खिडकीत येतील म्हणून मी डब्याच्या कडेनं चालत राहिलो. ते खिडकीत आले नाहीत. गाडी हलली, फलाट संपला तिथं मी थांबलो. मी त्यांना खरं तेच सांगितलं होतं, आणि ते सांगितल्याचा पस्तावा मला आजही होतो. न सांगितल्याचा तर होतोच.